टीव्ही धुरकट नव्हता, मिलिंदा

मिलिंदा, आपल्या शेवटच्या सामन्याचा निकाल अजून मेमरी कार्डात हाये. अठ्ठावीस-सात. अठ्ठावीस माहे, सात तुहे. सहा वर्षांत मी तुले हरवलं ते हे एकदाच, अन् ज्या बाकावर बसून हरवलं त्याच बाकावर आज लिहून राह्यलो. तुले जाऊन सव्वा महिना झाला. तुह्याबद्दल दोन शब्द लिहा म्हणून वाचनालयाच्या मंडळीनं एक छापील कागद दिला होता. जन्म, शिक्षण, स्वभाव. स्वभावापुढं मनमिळाऊ लिहा म्हणाले. मनमिळाऊ! हरलेल्या माणसाकडूनच तू चहा काढत होता अन् वरून त्याच्या चुका सांगत बसत होता, चहा थंड होईस्तोवर. तो कागद मी फाडला.

मी माह्या परीनं लिहितो. तुले खोटं वाटलं तं वाटू दे, तू काही उठून भांडाले येत नाई आता.

दिग्रसच्या बसस्टँडमागं माहं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. मागच्या खोलीत मी जुनी गेमची डबडी मांडली, त्या साली तू हिवाळ्यात जिनिंगमध्ये होता अन् पावसाळ्यात दुसऱ्यांच्या वावरात फवारणीले जात होता. सुटी झाली की अंगावर कापसाचा तूस घेऊन येत होता. नागपूरहून मी सीड्यांचं एक पोतं आणलं, त्यात ती फुटबॉलची सीडी निघाली. वेष्टनावर डोक्यात टोप अन् तोंडावर जाळी घातलेला माणूस. मी म्हटलं, गोलकीपर असन. तू म्हणाला, एवढा घाबरट गोलकीपर कोणत्या गावचा?

पहिला महिना आठवते का? फुटबॉल म्हणजे लाथ मारायची, एवढंच आपल्याले ठाऊक. बॉल हाती आला की आपण लाथ मारत होतो. चार संधी भेटतात, चारात दहा यार्ड पुढं सरकलं की परत चार भेटतात, हे कोण सांगन? अमेरिकेचा तो खेळ, त्याची सारी माहिती इंग्रजीत. आपण पहिल्याच संधीले बॉल भिरकावून मोकळे होत होतो अन् समोरचा कॉम्प्युटर तो उचलून शांतपणे आपल्या घरात आणून ठेवत होता. साठ-शून्य. सत्तर-शून्य. मी सीडी भंगारात टाकाले निघालो तं तू हात धरला.

"लाथ नाई मारायची बे. हे कबड्डी हाये. फक्त हातात नारळ दिलं हाये."

त्या दिवसापासून तो खेळ तुहा झाला. तू शाळेच्या संघात रेडर होता. रेडर साऱ्यांकडे पाह्यत नाई, एकाच्या पायाकडे पाह्यते, हे तू मले कमीत कमी शंभरदा सांगितलं असन. इंग्रजी नावं आपल्या जिभेवर बसत नव्हती म्हणून तू साऱ्यांचं बारसं केलं. ज्याच्या हाती पहिला बॉल येते तो वाटप्या. त्याच्या पोटाजवळून सुसाट जाते तो पळ्या. बाजूनं दोन हात अंतर ठेवून धावते तो जोडीदार. अन् समोरच्या संघातला एक गडी, ज्याले आपलं कोणीच अडवाले जात नाई, मुद्दाम मोकळा सोडते, त्याचं नाव तू ठेवलं मोकाट.

मले हे मोकाटाचं गणित काही केल्या पटत नव्हतं. एवढे अकरा गडी हाये आपले, एखाद्याले पाठवावं की अडवाले. तू म्हणे, नाई. त्याले सोड अन् त्याच्याकडे पाह्य. वाटप्यानं बॉल पळ्याच्या पोटाशी धरायचा, पण सोडायचा नाई. मोकाट पळ्यावर धावला की बॉल काढून घे अन् त्याच्या मागून बाहेर पळ. मोकाट तुह्यावरच आला की बॉल पळ्याले देऊन टाक. बाहेर निघाल्यावर दुसरा गडी आडवा आला तं तो उलसा जवळ येऊ दे, मंग जोडीदाराकडे फेक. लवकर फेकला तं तो जोडीदाराले धरन, उशीर केला तं बॉल हातून सांडन. म्हणजे मोकाट काही करो, तो चुकतेच. चुकवायचं काम आपण नाई करत, तो स्वतःच करते. आपण फक्त पाह्यचं.

आपला सारा वाद इथंच होता. मी बॉल हाती यायच्या आधी ठरवत होतो, आता बाहेर पळायचं. तू म्हणे, आधी ठरवणारा आंधळा. मी म्हणे, तेवढ्यात पाह्यचं कवा अन् ठरवायचं कवा? तू म्हणे, ठरवायचं नाईच लेका, दिसलं की हात आपोआप हलते. तू आणखीही शिकवलं. आधी दोन्ही बाजूचे गडी मोज, कमी असन तिकडं जाय. वाटप्याले फुकट मार खाऊ देऊ नोको, समोर दोघं दिसले की खाली बस. पळून पळून साऱ्यांयले पुढं ओढून आण अन् मंग एकदा डोक्यावरून लांब फेक. पण शेवटी गाडी मोकाटावरच येऊन थांबे.

दोघं खेळलो की मोकाट मीच घेत होतो. संघातला तोच गडी मी हातात धरत होतो, बाकीचे कॉम्प्युटर चालवे. तुले हरवायचं तं तुह्या नजरेतूनच सुटलं पायजे, असं माह्या डोक्यात बसलं होतं. मी आत जाण्याचं सोंग करून बाहेर राह्यलो, एका जागी उभा राह्यलो, उलटा पळालो. तुले सारं दिसत होतं. सहा वर्षं तू माह्या पायाकडे पाह्यत राह्यला अन् जिंकत राह्यला. माह्या बायकोले मी रागावलो की आधी समजत नाई, पण तुले माहा अंगठा हलायच्या आत समजत होतं. मले त्याचा राग येई. आता सांगतो, बरंही वाटे.

मंग बोंडअळी परत आली. बियाणं आलं तेव्हा म्हणे अळी लागतच नाई, अन् आता बोंड फोडलं की गुलाबी किडा वळवळते. फवारे वाढले. ज्या वावरात तीन होत होते तिथं सात-आठ झाले, अन् एका पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधं मिसळू लागले. त्या वर्षी कापसाची पराटी माणसाच्या डोक्यावर गेलती. तू अन् वसंता, तुह्या जोडीनं फवारणारा तुह्याच मोहल्ल्यातला वसंता, दोघं त्या पराटीत शिरले की वरून फक्त औषधाचा धूर दिसे. फवारा खाली मारायचा तं तो डोक्याच्या वर मारावा लागे अन् परत अंगावरच पडे.

त्यावरून आपण भांडलो, तेही राह्यलंच. मी म्हटलं तोंडाले रुमाल बांध, अंगात पूर्ण बाह्याचं घाल. तू म्हणाला, त्या उकाड्यात तूच घालून दाखव. मी म्हटलं फवारणी सोड, दुकानात बस माह्यासोबत. तू म्हणाला, तुह्या दुकानात बसून माश्या मारू का? त्याचं खरं उत्तर माह्यापाशी होतं. एक दुकान दोन घरं पोसत नव्हतं, ते तुलेही ठाऊक होतं, म्हणून तू थट्टेवारी नेलं अन् मीही नेऊ दिलं.

आता त्या दिवसाचं सांगतो.

बाजाराचा दिवस होता. दुपारी तू वावरातून सरळ दुकानात आला, आंघोळ नाई काही नाई. औषधाचा उग्र वास खोलीत भरला. मी नाक मुरडलं. तुह्या अंगाले घाम सुटलता, शर्ट पिळला असता तं बादली भरली असती. ऑक्टोबरचं ऊन, मले काही वाटलं नाई. बसल्यावर तू तीनदा उठून दारात थुंकाले गेला. तुह्या डाव्या डोळ्याची पापणी फडफडत होती, तू ती बोटानं दाबून धरली. मंग तू बाक पुढं ओढला. एवढा पुढं की टीव्हीले नाक लागन. मी म्हटलं, म्हातारा झाला का रे?

हे सारं मी पाह्यलं. पाह्यलं नाई असं मले म्हणता येत नाई.

पहिल्या खेपेले मी मोकाट घेऊन सरळ तुह्या वाटप्यावर धावलो. बॉल पळ्याले द्यायचा, पोरगंही देईन. तू नाई दिला. तू बॉल घेऊन माह्याच छातीवर आला. मले वाटलं काही नवीन डाव काढला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा मी बाहेर उभा राह्यलो तं तू जोडीदाराकडे फेकला, तिथं जोडीदार नव्हताच. बॉल सांडला. मी उचलून पळालो. मी ओरडलो, बाकावर उभा राह्यलो, बाहेर चहावाल्याले हाक मारली. सहा वर्षं, मिलिंदा! मले दुसरं काही सुचूनच नाई राह्यलं.

मधात तू थांबला अन् म्हणाला, "टीव्ही धुरकट झाला तुहा. पाह्य बरं."

मी हसलो. हरून राह्यला तं टीव्ही खराब, अंगण वाकडं. पण माहा धंदाच तो, अन् धुरकट हा शब्द ऐकला की माहा हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे जाते. मी काच पुसली. मागचं झाकण काढून फोकसचा स्क्रू उलसा इकडं फिरवला, उलसा तिकडं. चित्र लख्ख होतं. गवताची एक-एक काडी दिसत होती, कोपऱ्यातले आकडे वाचता येत होते. मी झाकण लावलं अन् तुले म्हटलं, टीव्ही एकदम टकाटक हाये, बहाणे नोको सांगू, खेळ. अन् तू खेळला. अठ्ठावीस-सात.

माणूस म्हणते चित्र धुरकट हाये, अन् चित्रात काही बिघाड नाई. बारा वर्षं टीव्ही दुरुस्त करून राह्यलो मी. टीव्हीत बिघाड नाई तं बिघाड कुठं हाये, हे मले त्या बाकावर बसलेल्या माणसाकडे एकदा वळून पाह्यलं असतं तं समजलं असतं. मी नाई पाह्यलं. चहा तुह्याकडून घेतला. तू अर्धाच प्याला, उठला, दाराच्या चौकटीले हात लावून उतरला अन् गेला.

रात्रीतून उलट्या झाल्या, पहाटे तुह्या बायकोनं, वहिनीनं, वसंताले उठवलं, अन् तुले यवतमाळले नेलं. मी दुपारी पोचलो. डॉक्टरनं विचारलं, डोळ्याले अंधारी कधीपासून होती? हे औषध कातडीतून आत जाते, डोळ्याले आधी दाखवते, तेव्हाच आणलं असतं तं फरक पडला असता, असं ते म्हणाले. मी सलाईनचे थेंब मोजत राह्यलो. वहिनी खाली पाह्यत होती. मले वाटलं, तिले काय माहीत असणार. चौथ्या दिवशी तू गेला.

पुण्यानुमोदनाले सारा मोहल्ला आलता. वहिनी उठून बोलली, कोणाले वाटलं नव्हतं बोलन म्हणून. म्हणाली, सहा वर्षं भाऊजीले एकदाही जिंकू दिलं नाई, अन् जायच्या तोंडावर जिंकवून गेले, त्यायले आतून कळलं असन. बाया रडल्या. लोकं माह्या पाठीवरून हात फिरवून राह्यले होते, नशीबवान हाये म्हणून राह्यले होते. माह्या ताटात बुंदी वाढली होती, ती तशीच राह्यली. पुढं पंधरा-वीस दिवस ज्यानं त्यानं मले तेच सांगितलं. मित्र असावा तं असा. मी हो म्हणत गेलो. खरं सांगितलं तं तिच्यापाशी असलेलं तेवढंही जाईन, असं मी स्वतःले समजावत होतो. अन् मले भीतीही वाटत होती, ते वेगळं. दोन्ही होतं.

मागच्या बाजारी वहिनी दुकानात आली. खांद्याले बाजाराची थैली. बाकावर बसली, तू बसत होता त्याच टोकाले. म्हणाली, मले तो शेवटचा डाव दाखवा. मी कार्ड लावलं, निकाल दाखवला. तिनं आकडे पाह्यले. मंग म्हणाली, उद्यापासून मी फवारणीवर पाणी द्यायले जाऊन राह्यले, वसंताभाऊच्या टोळीत. तो पुन्हा पंप घेऊन राह्यला.

तेव्हा माह्यानं राहवलं नाई. पाणी देणारीच्याही अंगावर तेच पडते. मी सारं सांगितलं. बाक ओढला ते, पापणी, थुंकणं, काच पुसली ते, फोकसचा स्क्रू. म्हटलं, वहिनी, त्यानं मले जिंकवलं नाई. त्याले दिसत नव्हतं. मले समजायले पायजे होतं, अन् मी नाचत होतो.

मले वाटलं ती उठून जाईन, नाई तं थोबाडीत मारन. तिनं खांद्याची थैली मांडीवर घेतली.

"मले घरी आल्या-आल्या सांगितलं होतं त्यायनं, डोयाले धुरकट दिसते म्हणून," ती म्हणाली. "मी म्हटलं, त्या टीव्हीत डोये घालून बसता दिवसभर, दुसरं काय होईन. पडा गुमान."

मंग थैलीचे बंद बोटाले गुंडाळत ती सांगत गेली. जिंकवून गेले हे तिलेही खरं वाटत नव्हतं. दवाखान्यात माहं तोंड पाह्यलं तवाच तिले समजलं होतं की ह्या माणसाले काही तरी माहीत हाये, अन् हा त्यानं खचून जाईन. म्हणून बोलली चारचौघांत. माह्यासाठी बोलली. अन् थोडं स्वतःसाठी.

तिले डोळ्याचं ठाऊक होतं अन् मले टीव्हीचं. मी तुह्या मागं घरापर्यंत आलो असतो, नाई तं तिनं कोणाले दुकानात पाठवून विचारलं असतं की टीव्ही कसा हाये, तं दोन वाक्यांत उलगडा झाला असता. घर ते दुकान, चालत दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी मी टीव्ही उचलून दुकानाच्या दारात रस्त्याकडे तोंड करून ठेवला. त्यावर तोच निकाल लावून ठेवला, कोपऱ्यात बारीक आकड्यात, अन् दहा पावलांवर चुन्यानं एक रेघ ओढली. वावरातून येणारी टोळी इथूनच जाते. वहिनी टोळीसोबत येते अन् एकेकाले नाव घेऊन थांबवते, त्या रेघेपासून वाच म्हणते. पोट्टे हसले. एकानं सट्ट्याचा आकडा हाये का म्हणून विचारलं. तिनं त्याच्याकडे असं पाह्यलं की तो निमूट वाचून गेला. रोज तेच आकडे, पाठ होतात, म्हणून मी ते बदलत असतो. त्यासाठी रोज दुपारी कॉम्प्युटरसोबत एक सामना खेळावा लागते. हरतो बहुतेक. अजूनही आधीच ठरवतो.

तुहा सामना मी पुसला नाई. तो मी जिंकलेला नाई. तू आजारी होता, ते लिहून ठेवल्यासारखा तो तिथं हाये.

अन् परवा वसंता आला. पंप पाठीवर, शर्ट ओला. वहिनीनं थांबवलं. तो रेघेवर उभा राह्यला, मंग एक पाऊल पुढं आला. मंग आणखी एक. डोळे चोळले अन् माह्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, टीव्ही धुरकट झाला बे तुहा."

स्क्रूड्रायव्हर माह्या हातातच होता. तो खाली ठेवला अन् मोटरसायकलची चावी घेतली. वहिनीनं त्याच्या पाठीवरचा पंप उतरवला, नळाखाली त्याचे हात-तोंड धुतले, शर्ट काढून रस्त्यावर फेकला. त्याले मधात घेऊन ती मागं बसली, दोन्ही हातानं कवळ घालून. त्याची मान तिच्या खांद्यावर पडत होती. आधी इथल्याच दवाखान्यात नेलं. इथल्या डॉक्टरनंही तोच प्रश्न विचारला, अंधारी कधीपासून. वहिनीनं घड्याळ पाहून सांगितलं, वीस मिनिटांपासून. त्यायनं लगेच सुई दिली अन् दवाखान्याच्या गाडीनं यवतमाळले पाठवलं.

आज सकाळी फोन आला. वसंता उठून बसला, चहा मागून राह्यला. मिलिंदा, एवढंच करायचं होतं.